आंतरजाल : जाळे की गवाक्ष?

मूर्तिजापूरकरांच्या दृष्टीने डिसेंबरचा उत्तरार्ध हा दोन स्मरणांचा काळ होय. २० तारखेस श्रीसंत गाडगेबाबांची पुण्यतिथी येते आणि तिच्या मागून पाचव्या दिवशी ख्रिस्ती बांधवांचा नाताळ. शिवारात तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, कपाशीची वेचणी चालू असते आणि पहाटेची थंडी हाडांत शिरत असते. अशा दिवसांत इकडे बाबांच्या नामघोषाची धून कानी पडते, तर तिकडे एखाद्या ख्रिस्ती घराच्या ओसरीवर कागदी तारा उजळलेला दिसतो. दोन्हींमधून जाणाऱ्या वाटा एकाच गावाच्या आहेत.

ज्या दापुरीत मामाच्या घरी बाबांचे बालपण गेले ती आमच्याच तालुक्यातील. मूर्तिजापुरातील गोरक्षण आणि धर्मशाळा ही त्यांच्याच कार्याची चिन्हे. अक्षरओळख नसलेला हा महापुरुष आयुष्यभर माणसांपुढे उभा राहून बोलला. हाती खराटा घेऊन दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाने मने झाडायची, हा त्यांचा क्रम होता. त्यांनी कधी वर्तमानपत्र काढले नाही की ग्रंथ लिहिला नाही. तथापि देहावसानापूर्वी सुमारे दीड महिना, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. आज ते मोबाइलवर कोणासही ऐकता येते. ते ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु ऐकून झाल्यावर दर वेळी एकच विचार मनात येतो : बाबांचा आवाज त्या यंत्रातून आला, बाबांचा खराटा मात्र आला नाही. तो ज्याचा त्यालाच हाती घ्यावा लागतो.

हा विचार आज लिहावयास एक निमित्त घडले. आमच्या परिचयाचे एक वृद्ध ख्रिस्ती शिक्षक आहेत. प्रस्तुत लेखकाच्या कीर्तनास ते गेली तीस वर्षे मागच्या रांगेत बसत आले आणि नाताळात त्यांच्या घरच्या करंज्या आमच्या घरी येत आल्या. गेल्या महिन्यात ते काठी टेकीत आले व म्हणाले, "महाराज, आमच्या मंडळीतली पोरं म्हणतात, उपासना मोबाइलवर टाकू, सुवार्ता इंटरनेटवरून सांगू. पाळकसाहेबही राजी आहेत. पण मले काही सुचत नाही. तुमी जलमभर लोकांसमोर उभे राहिले. तुमचं काय मत?"

वाचकहो, प्रश्न त्यांच्या मंडळीचा होता. पण तो ऐकताच आपला वाटला. कारण मंदिर असो वा चर्च, प्रत्येक धर्मस्थानापुढे आज हाच प्रश्न उभा आहे. मास्तरांना दिलेले उत्तर म्हणूनच येथे सविस्तर मांडतो.

आरंभ शब्दापासून करू. इंटरनेटला आपण आंतरजाल म्हणतो. 'जाल' या शब्दाचे अनेक अर्थ अमरकोशाने दिले आहेत. मासे धरावयाचे जाळे हा एक अर्थ. गवाक्ष, म्हणजे जाळीदार खिडकी, हा दुसरा. समूह हा तिसरा. कालिदासाच्या मेघदूतात उज्जयिनीच्या प्रासादांच्या ज्या जालांतून धुपाचा सुगंधी धूर बाहेर येऊन मेघास पुष्ट करतो, ती जाले म्हणजे खिडक्या होत. एकाच शब्दात धरून ठेवणारे जाळेही आहे आणि उजेड आत घेणारी खिडकीही आहे. धर्मकार्यासाठी आंतरजाल वापरणाऱ्याने यांतले काय हाती घ्यावयाचे, हे प्रथम ठरवावे.

ख्रिस्ती बांधवांस जाळ्याचा दृष्टान्त परका नाही. येशूचे पहिले शिष्य गालील सरोवरावरचे कोळी होते, आणि मी तुम्हांस माणसे धरणारे करीन अशा आशयाचे वचन त्यांना मिळाले, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यांच्या परंपरेत त्या प्रतिमेस उद्धाराचा अर्थ आहे आणि तो त्यांनी जपावा. परंतु शेजारच्या घरी 'जाळे' हा शब्द ऐकला की माणूस दचकतो, हेही खरे. धर्मप्रसार म्हटले की आपल्या अनेक घरांत कपाळास आठी पडते; ती पडत नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. आपला धर्म समजावून सांगणे हा हक्क होय, दुसऱ्याचे धर्मांतर घडविणे हा मूलभूत हक्क नव्हे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. समजावून सांगणे म्हणजे खिडकी उघडणे. तेवढ्या उजेडात बोलण्यास कोणाची हरकत असू नये.

आता इतिहास पाहू. नवे साधन आले की धर्मवाणीने ते हाती घेतले, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. मराठी लिपीचे खिळे त्या काळी सिद्ध नव्हते, म्हणून ते रोमन अक्षरांत छापावे लागले. यंत्र परके आणि लिपीही परकी. परंतु ओवी आपली होती, म्हणूनच ते पुराण गोव्यातील लोकांच्या ओठी बसले. पुढे बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी याने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला, १८०५ साली व्याकरण छापले आणि १८११ पर्यंत नवा करार मराठीत आणला. १८४२ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले.

याहून आमच्या जिव्हाळ्याचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु अभंग सोडला नाही आणि कीर्तनही सोडले नाही. नारदाच्या गादीची रीत घेऊन त्यांनी ख्रिस्तचरित्र गाइले. पंडिता रमाबाई तर पुराणिकाच्या घरात वाढलेल्या. तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांची ती कन्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. ज्यांना समाजाने टाकले होते, त्यांच्याच हाती छापखाना आला. साधन कोणाच्या हाती दिले, यावरून त्या कार्याची परीक्षा होते.

आमचे वऱ्हाडही या इतिहासापासून दूर नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अकोला व खामगाव भागात मिशनरी मंडळींचे वास्तव्य होते. १९५५ साली अमरावतीस कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. १९५३ पासून १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत यवतमाळ येथे पाळकांना शिक्षण देणारी बायबल सेमिनरी होती. आता बंद पडलेली आमची शकुंतला रेल्वे त्या काळी मूर्तिजापूरहून यवतमाळास जात असे. तिच्या त्याच डब्यांत पाळक होऊ पाहणारे विद्यार्थीही बसत आणि आम्हांसारखे कीर्तनकारही. बाकावर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि न पाहिलेल्या माणसाविषयी बोलणे यांत केवढे अंतर असते, ते त्या संथ गाडीने आम्हांस शिकविले.

यंत्रांच्या बाबतीत रोमची दूरदृष्टी मान्य केलीच पाहिजे. १९३१ साली स्वतः मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून पोप अकरावे पायस बोलले. १९९५ च्या नाताळात व्हॅटिकनने आंतरजालावर आपले स्थान उघडले. गेल्याच वर्षी, म्हणावे तर कालपरवा, ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो अकुतिस या मुलास पोप चौदावे लिओ यांनी संतपद दिले. अवघ्या पंधराव्या वर्षी, २००६ साली, रक्ताच्या कर्करोगाने वारलेल्या या इटालियन मुलाने संगणकावर आपल्या धर्मातील चमत्कारांच्या नोंदी जमविल्या होत्या. संगणकापुढे बसणारा पोरही संत होऊ शकतो, हे तरुणांस सांगण्याची ही रीत होय.

परंतु वाचकहो, या उत्साहास त्यांनीच मर्यादाही घातली, आणि तीच अधिक मोलाची. २२ फेब्रुवारी २००२ रोजी व्हॅटिकनच्या संपर्कविषयक परिषदेने 'चर्च आणि इंटरनेट' या नावाचा लेख प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी निःसंदिग्धपणे सांगितल्या आहेत. आंतरजालावर संस्कारविधी होत नाहीत. बाप्तिस्मा, पापनिवेदन, प्रभुभोजन यांना प्रत्यक्ष उपस्थिती हवी. आणि तेथे जो भेटला त्यास अखेर जिवंत मंडळीपर्यंत, माणसांच्या सहवासापर्यंत आणावयाचे आहे. म्हणजे यंत्र ही वाट झाली, मुक्काम नव्हे. आपल्याकडेही घरी बसून पंढरपूरचे दर्शन पडद्यावर होते. पण त्यास कोणी वारी म्हणत नाही.

या मर्यादेची परीक्षा २०२० साली झाली. मार्चअखेर टाळेबंदी आली आणि सर्व देवालयांची दारे एकदमच बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोमच्या विशाल, निर्मनुष्य चौकात पावसात एकटे उभे राहून प्रार्थना करीत असलेले जगाने पाहिले. १२ एप्रिलचा ईस्टर ख्रिस्ती घरांनी मोबाइलसमोर बसून केला. १ जुलैच्या आषाढीस संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या आणि आपण वाटेवरील धूळ न लागता घरी बसून रडलो. त्या वर्षी कोणाचे दुःख कोणत्या धर्माचे, हे ओळखता येत नव्हते.

मास्तर त्या दिवसांत आजारी होते. पुढे भेट झाली तेव्हा मी विचारले, "मास्तर, उपासना ऐकत होता ना?" ते म्हणाले, "ऐकली महाराज, रोज ऐकली. सारं दिसते, सारं ऐकू येते. पण पाठीवर हात कोण ठेवते? पाळकसाहेब एक दिवसाआड फाटकापाशी येत, डबा ठेवत, अन् लांबूनच माह्या नावानं हाक मारत. मले तेच प्रवचन जास्त समजलं." या उत्तराने मोबाइल निरुपयोगी ठरला असे नव्हे. मोबाइल नसता तर ते दिवस मास्तरांना अधिकच जड गेले असते. परंतु मोबाइलमागून माणूस आला, म्हणून मोबाइलचे सार्थक झाले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती स्वतःच्या अनुभवातून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी कीर्तनात ईश्वराच्या अस्तित्वाचा विषय घेतला होता. शास्त्राच्या रीतीप्रमाणे प्रथम पूर्वपक्ष मांडला, म्हणजे नास्तिकाचे म्हणणे पूर्ण ताकदीने सांगितले, आणि मग अर्धा तास सिद्धान्तपक्ष केला. श्रोत्यांपैकी कोणी तरी पूर्वपक्षाचा तेवढा तुकडा कापून पसरविला. आठ दिवसांत दूरदूरच्या अनोळखी माणसांचे शिव्याशाप घरी येऊ लागले. देव नाही असे बुवा कीर्तनात सांगतात, हीच वदंता! सौभाग्यवती घाबरून गेल्या. समोर बसलेल्या तीनशे श्रोत्यांना जे नीट कळले होते, ते न पाहिलेल्या तीस हजारांना कळणे शक्यच नव्हते. त्यांना सिद्धान्त मिळालाच नव्हता.

ही तर एका कीर्तनकाराची अब्रू. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरील एका मजकुराचे निमित्त होऊन दंगल पेटली, एका माणसाचा जीव गेला आणि आंतरजाल बंद ठेवावे लागले. आमच्यापासून आगगाडीने तासाभराच्याही आतले शहर ते! खिशातल्या यंत्रातून धर्माच्या नावाने निघालेला शब्द कोठवर जळत जातो, हे वऱ्हाडाने डोळ्यांनी पाहिले आहे. वादविवाद पूर्वीही होत. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. शब्द तिखट होते. परंतु दोन्ही पक्ष एकमेकांच्या डोळ्यांत पाहून बोलत होते, पूर्वपक्ष संपूर्ण ऐकला जात होता आणि वाद आटोपून माणसे आपापल्या घरी सुखरूप जात होती. आंतरजालावर नेमके हे डोळ्यांत पाहणे उरत नाही.

एवढा विचार करून मास्तरांना जे सांगितले, ते असे.

मास्तर, प्रथम आपल्याच आजारी, वृद्ध आणि परगावी गेलेल्या माणसांसाठी हे साधन वापरा. अंथरुणास खिळलेली आजी आणि पुण्यास नोकरीस गेलेला नातू एकाच वेळी एकच गीत ऐकतील, हे मोठे कार्य आहे. परंतु उपासना संपताच कोणी तरी आजीला फोन करावा, आणि आठवड्यातून एकदा तिच्या दाराशी जावे. जेथे मागून माणूस जाणार नाही, तेथे पुढे यंत्र पाठवू नका.

दुसरे, भाषा आपली ठेवा. परदेशातून आलेले तयार कार्यक्रम पुढे ढकलणे सोपे असते. परंतु स्टीफन्सने ओवी घेतली, टिळकांनी अभंग घेतला. तुम्ही वऱ्हाडच्या मातीतला सूर घ्या. तुमच्या मंडळीतील म्हाताऱ्या माणसांना जुनी भजने पाठ आहेत, टाळाचा ठेका ठाऊक आहे. मेळघाटातील कोरकू मंडळींची गाणी त्यांच्या भाषेत आहेत. ती आजच ध्वनिमुद्रित करून ठेवा. गळा गेला की चाल जाते.

तिसरे, अपुरे काही टाकू नका. प्रवचन टाकाल तर संपूर्ण टाका. खाली मंडळीचे नाव, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव लिहा. निनावी धर्मोपदेश ही अंधारात मारलेली हाक होय, ऐकणारा भितो. दुसऱ्याच्या देवतेविषयी एक अक्षर वावगे बोलू नका, आणि तुमच्या श्रद्धेविषयी कोणी वावगे लिहिले तर पडद्यावर उत्तर देऊ नका. त्यास चहास बोलवा.

चौथे, ज्याने विचारले त्यास सांगा. न मागता कोणाच्या मोबाइलमध्ये शिरू नका. शेजाऱ्याच्या लहान मुलांना आईबापांच्या नकळत काही पाठवू नका. दवाखान्यात पडलेल्या किंवा कर्जाने गांजलेल्या माणसास मदत जरूर करा, परंतु मदतीच्या हातात पत्रक ठेवू नका. मदत पाहून त्याने आपणहून विचारले, तर ती तुमची खिडकी झाली. तेथून काय सांगावयाचे ते मोकळेपणाने सांगा.

पाचवे, हिशेब उघडा ठेवा. देणगी मोबाइलवरून येऊ लागली की पैसा दिसेनासा होतो आणि शंका दिसू लागतात. नाताळात किती जमले, कोणाच्या औषधास किती गेले, हे त्याच ठिकाणी लिहून टाका. गाडगेबाबांच्या हातून धर्मशाळांसाठी लाखो रुपये गेले. पण स्वतःसाठी त्यांनी गाडगे आणि खराटा यांपलीकडे काही ठेवले नाही. हा आदर्श कोणत्याही धर्मास चालण्यासारखा आहे.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हसून म्हणाले, "महाराज, हे आमच्या मंडळीले सांगता, की तुमच्या देवळाले?"

वाचकहो, या प्रश्नाने प्रस्तुत लेखक निरुत्तर झाला. कारण आपल्या घरचे चित्र काय आहे? आरतीच्या वेळी देवाकडे पाठ करून चित्रण करणारे हात वाढले आणि टाळ धरणारे हात कमी झाले. कीर्तन घरी मोबाइलवर ऐकता येते म्हणून मंडपातील सतरंज्या रिकाम्या राहू लागल्या. सकाळी देवाचे चित्र आणि दुपारी शेजारधर्माची निंदा, अशा दोन्ही गोष्टी एकाच बोटाने पुढे पाठविल्या जातात. मास्तरांना सांगितलेले पाचही नियम आपल्या देवघरातील मोबाइलला जसेच्या तसे लागू आहेत. दुसऱ्याने जाळे टाकू नये अशी इच्छा असेल, तर आपणही खिडकीच उघडली पाहिजे.

अमरकोशातील तिसरा अर्थ येथे आठवतो : जाल म्हणजे समूह. खिडकीतून उजेड आला, हाक ऐकू आली, की उठून माणसांत जावयाचे असते. तेथे तो शब्द पूर्ण होतो. परवा मास्तरांच्या मंडळीतील मुलांनी पहिली उपासना मोबाइलवर पाठविली. सारे मिळून एकोणीस जणांनी ती पाहिली, असे मास्तर सांगत होते. त्यांतील एक यवतमाळकडची वृद्धा होती; तिच्या घरी येत्या रविवारी ही मुले गाडी करून जाणार आहेत.

मास्तर सांगून गेले आहेत की नाताळच्या करंज्या या वर्षीही येतील. त्या मोबाइलवरून येत नाहीत, ही परमेश्वराची कृपाच म्हणावयाची. सर्व ख्रिस्ती बांधवांस नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा.